वरच्या वस्तीची लाइन

चोरी तुम्ही केलीत, साहेब. बत्तीसशे मीटर पाइप तुम्ही कागदावर पुरलात, कागदावरच त्याच्यावर माती लोटलीत, कागदावरच त्यातून पाणी सोडलंत. आणि हे सगळं उरकल्यावर खाली सही करायला असा माणूस शोधलात, ज्याला एकोणीस वर्षं तुम्ही दारात उभा करून ठेवला होता. तुमचं नाव इथं लिहीत नाही. ज्याच्या टेबलावरून ती फाइल तीनदा गेली, त्याला स्वतःचं नाव ठाऊक आहे.

आता त्या सही करणाऱ्याच्या पोरीची गोष्ट ऐका. बसून ऐका. तुमच्या दारात ती साडेपाच तास बसली होती, तुम्हाला तेवढा वेळ लागणार नाही.

तिच्या बापाला सगळे चावीवाला म्हणायचे. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खोबण. ती रस्त्याकडेच्या खड्ड्यात घालून तो पालिकेचे व्हॉल्व्ह उघडायचा आणि मिटायचा. बाजाराला अठरा आटे, खालच्या गल्लीला बावीस, शाळेच्या रस्त्याला सव्वीस आणि वर एक अर्धा, कारण तो व्हॉल्व्ह झिजला होता. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. त्याच्या खांद्याला पाठ होतं. एकोणीस वर्षं एकाच खांद्यावर चावी वाहून तो खांदा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. पोरीची आई त्याचे सदरे शिवायची ती एक बाही दोन बोटं आखूड ठेवूनच.

व्हॉल्व्ह उघडला की तो एक गोष्ट न चुकता करायचा. चावी तशीच उभी ठेवून मुठीला कान लावायचा. खाली पाइपातून पाणी निघालं की लोखंडातून त्याचा आवाज वर यायचा. कुठं गळती आहे, कुठं हवा अडकलीय, कुणी मधेच चोरून जोड घेतलाय, सगळं त्याला ऐकू यायचं. मग तो एकच शब्द बोलायचा, "निघालं." आणि पुढच्या खड्ड्याकडे चालू लागायचा.

त्या उन्हाळ्यात पाणी नवव्या दिवसावर गेलं होतं. टाकीच्या तळाला गाळ दिसत होता. लोक आंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं लादीला आणि लादीचं झाडाला घालत होते. त्याच उन्हाळ्यात पोरगी शहरातल्या कॉलेजातून दोन महिन्यांसाठी घरी आली. पत्रकारिता शिकत होती, दुसरं वर्ष. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना टीव्हीवर दिसायचं होतं, उरलेल्यांना खेळाडूंच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. पालिकेचा कारभार आणि सरकारी पैसा हा विषय घेणारी ती एकटीच. तो विषय शिकवणाऱ्या बाई तीस वर्षं बातमीदारी करून आलेल्या, आवाज फाटलेला, चप्पल झिजलेली. त्या म्हणायच्या, "भाषणं ऐकू नका. अंदाजपत्रकातली एक ओळ उचला आणि ती पायांनी वाचा. जिथं ओळ संपेल तिथपर्यंत चालत जा." सुट्टीचा अभ्यास तोच होता.

तिनं ओळ उचलली ती अशी: वरची वस्ती, नवीन जलवाहिनी, काम पूर्ण, देयक अदा.

ही ओळ का उचलली हे विचारायला नको. वरच्या वस्तीत तिची आत्या राहायची. टेकडीवर चाळीस घरं. लाइन पूर्ण होऊन वर्ष झालं होतं आणि आत्या अजून दोन हातांत दोन कॅन घेऊन उतारावरून खालच्या विहिरीला यायची. येताना एकदा बसायची, जाताना चारदा.

पालिकेत लेखापालानं तिला दहा वाजता बाकावर बसवलं ते साडेतीनला हाक मारली. मधल्या वेळात तो दोनदा जेवला. दुसऱ्यांदा कुणाच्या तरी डब्यातलं.

"कुणाची गं तू?" चष्मा कपाळावर चढवत त्यानं विचारलं. माहीत असून विचारलं.

"चावीवाल्यांची."

"अरे वा! बाप पाणी सोडतो आणि लेक काय सोडणार? आमच्यावर बातम्या?"

"शिकतेय, काका."

"काय शिकवतात? आमच्या चुका काढायला?"

"वाचायला शिकवतात."

"मग वाच की. वाचायला कुणाची ना आहे? अर्धा तास. फोटो काढायचा नाही, पान दुमडायचं नाही." त्यानं फाइल टेबलावर आपटली. तिनं आपल्या बोटाला लागलेली धूळ बघितली तसा तो म्हणाला, "आमची धूळ पण नोंदवून घे."

तिनं वही उघडली. बाईंनी सांगितलं होतं, बेरजेकडे शेवटी बघायचं. आधी तारखा, मग मापं, मग सह्या. ती तारखा उतरवू लागली. खोदाई सुरू, अमुक तारीख. खोदाई पूर्ण, अमुक तारीख. मधे अकरा दिवस. टेकडीवरच्या खडकात बत्तीसशे मीटर चर अकरा दिवसांत. तिच्या शेजाऱ्यानं मागच्या वर्षी शौचालयाचा खड्डा खणला होता त्याला तेरा दिवस लागले होते. तिनं वहीत अकराला गोल केला. मोजमापाच्या पानावर चराची खोली सगळीकडे एकसारखी, प्रत्येक ठिकाणी नव्वद सेंटिमीटर. टेकडी आहे की टेबल? तिनं दुसरा गोल केला. हात भरभर चालत होता. छाती धडधडत होती, पण ती धडधड आनंदाची होती, हे लपवण्यात अर्थ नाही. शिकलेलं पहिल्यांदा हाताला लागत होतं.

"शेवटचं पान बघितलंस का?" लेखापाल म्हणाला. घड्याळाकडे न बघता म्हणाला.

"बघते ना."

"नीट बघ हं. नाहीतर उद्या म्हणशील, दाखवलं नाही."

शेवटच्या पानावर चाचणीचा दाखला होता. 'नवीन जलवाहिनीत पाणी सोडून पाहिले. वस्तीतील नळापर्यंत पाणी पोहोचले. गळती नाही.' खाली सही. तिच्यावर अभियंत्याचा शेरा, 'झडप कर्मचाऱ्याच्या अहवालावरून मान्य.' त्याच्यावर मुख्याधिकाऱ्याचा, 'अभियंत्याच्या शेऱ्यावरून मान्य.' सगळे एकमेकांच्या खांद्यावर उभे, आणि सगळ्यांत खाली ती सही. शेवटच्या अक्षराची शेपूट चौकटीच्या बाहेर गेलेली. पहिलीपासून दहावीपर्यंत तिच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी हीच शेपूट चौकटीबाहेर जात होती. मास्तर म्हणायचे, तुझ्या बापाला जागा पुरत नाही.

"झालं वाचून?" लेखापालानं फाइल ओढून घेतली. "शाबास. काही अडलं तर घरीच विचार."

घरी तिनं विचारलं नाही. बाप दारात बसून पाय धूत होता. आई वरून धार धरत होती, अर्धा मग, त्यात दोन्ही पाय. खाली परात होती. परातीतलं पाणी आईनं दारातल्या रोपट्याला घातलं आणि पोरीकडे बघून म्हणाली, "वही छातीशी कशी धरलीय बघा हिनं. जशी काही चोरून आणलीय."

"अभ्यास आहे तिचा," बाप म्हणाला.

"मग चेहरा का उतरलाय? नापास झाल्यासारखा?"

जेवताना पोरगी त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तळव्यावरचा घट्टा, वाकड्या झालेल्या करंगळीचं नख. त्यानं घास थांबवला. "काय गं?"

"काही नाही. उद्या पाळी आहे ना? मी येते तुमच्याबरोबर."

त्यानं थांबवलेला घास तोंडात घातला. "लवकर निघायला लागतं," एवढंच म्हणाला.

सकाळी उजाडता उजाडता दोघं निघाले. चावी त्याच्या खांद्यावर, नोंदवही तिच्या हातात. बाजाराचा व्हॉल्व्ह. खड्ड्यावरचं झाकण उचललं, चावी बसवली, पाय फाकवून उभा राहिला आणि फिरवू लागला. अठरा आटे. कान लावला. "निघालं." तिनंही कान लावला. थंड लोखंड, आणि खूप खाली, कुणी झोपेत कूस बदलावी तसा आवाज. तिला हसू आलं. तोही हसला. खालची गल्ली, बावीस, कान. "निघालं. पण दवाखान्याजवळ गळतंय." शाळेचा रस्ता, साडेसव्वीस, कान. "निघालं."

मग टेकडी चढले. वरच्या वस्तीच्या तोंडाशी नवा नळ होता, सिमेंटचा चौथरा, त्यावर पालिकेच्या अध्यक्षांचं नाव हातभर अक्षरांत. समोर बायकांची रांग. बादल्या, डबे, रॉकेलच्या जुन्या कॅनची तोंडं कापून केलेली भांडी. रांगेत मधेच आत्या, कमरेत वाकलेली.

"आला बघा राजा," एक म्हणाली.

"राजाला घाम आलाय. बसायला द्या."

"चावी नीट फिरव हो भाऊ आज. की आधी हातावर काही ठेवायला लागतं? मोकळं सांग. खालच्या गल्लीनं काय दिलं ते सांग, आम्ही वर्गणी काढतो."

हशा पिकला. चावीवाला मान खाली घालून झाकण उचलत होता. एकीनं आत्याला कोपरानं ढोसलं. "तुझाच भाऊ ना गं? पाठीला पाठ लावून आलेला? सांग की त्याला."

"तो कशाला बंद ठेवेल?" आत्या म्हणाली. "वरूनच दाब नाही. माझा भाऊ तसला नाही."

तो फिरवत होता. एक, दोन, सात, बारा. सदरा पाठीला चिकटला. वीस आटे पुरे केले. बायकांचे डोळे नळावर. नळ एकदा खाकरलासुद्धा नाही. त्यानं चावी उपसली, खांद्यावर घेतली, पोरीच्या हातातली वही घेऊन लिहिलं, 'वरची वस्ती. व्हॉल्व्ह उघडला. सहा चाळीस.' आणि उतरायला लागला. मागून कुणीतरी रिकामा डबा वाजवला.

निम्मा उतार ती मागं मागं चालली. मग म्हणाली, "बाबा, कान नाही लावलात."

तो चालत राहिला.

"सगळीकडे लावलात. तिथं नाही लावला."

"मेलेल्या माणसाची नाडी कुणी बघतं का?" तो म्हणाला.

 दुपारी आईची नजर चुकवून त्यानं कुदळ काढली आणि पोरीला म्हणाला, "चल. लिहायचं तर बघून लिही."

वरच्या व्हॉल्व्हपासून खालच्या बाजूला त्यानं पावलं मोजली. चाळीस. रखरखीत ऊन, सावली म्हणून बाभळीचं झुडूप, तेही शेळ्यांनी ओरबाडलेलं. त्यानं कुदळ मारली. माती भुसभुशीत निघाली, भरलेली होती. कमरेला हात लावत, थांबत थांबत त्यानं गुडघाभर खणलं. पाइप लागला. निळा, नवाकोरा. तो पाइपाच्या अंगानं पुढं सरकत खणत गेला आणि दोन हातांवर पाइप संपला. तोंडात पोत्याचा बोळा कोंबून वर सिमेंट थापलेलं. पुढं कुदळ मारली तर ठणकन वाजली. खडक. अख्खा, जन्मापासून कुणी न हलवलेला खडक.

"इथं संपली," तो म्हणाला. घाम नाकावरून पाइपावर टपकत होता. त्या लाइनीत पडलेलं तेवढंच पाणी.

"आणि नळापाशी?"

"तिथं अजून इतकीच. चौथऱ्यामागून भिंतीच्या पलीकडं. चाचणीच्या दिवशी भिंतीपलीकडं टँकर उभा केला होता, हे मला मागाहून कळलं."

तो खड्ड्याच्या काठावर बसला. कुदळ मांडीवर घेतली आणि पोरीकडे न बघता सांगू लागला.

"मी चावी फिरवली, कान लावला. म्हटलं, साहेब, लाइन मुकी आहे. अभियंता साहेब म्हणाले, जा, कान धुऊन ये. सगळे हसले. मग नळापाशी गेलो तर नळाला पाणी. धो धो पाणी. मी बघतच राहिलो. ताईनं सगळ्यांत आधी बादली लावली. भरली, आणि सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, माझ्या भावानं आणलं. मी भिंतीमागं जाऊन बघितलं नाही. जायला हवं होतं. पाच पावलं होती."

"पण तुम्हाला कळलं होतं."

"कानाला कळलं होतं. मग साहेबांनी कागद पुढं केला. म्हणाले, नळाला पाणी आलं की नाही? आलं. तुझ्या डोळ्यांनी बघितलंस की नाही? बघितलं. मग एवढंच लिहिलंय. आणि म्हणाले, रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी निघालीय, तुझं नाव घालतोय." त्यानं कुदळीच्या पात्यावरची माती निपटली. "नळाला पाणी आलं, हे खोटं नव्हतं. मी स्वतःला तेवढंच सांगत राहिलो."

"आणि यादी?"

"निघाली की. अध्यक्षांचा भाचा कायम झाला. त्याला चावी उचलत नाही." तो हसला, पण तो आवाज त्याच्या मुक्या लाइनीसारखाच होता. "वर्षभर नवव्या दिवशी वर जातो, उघडतो, लिहितो. नाही लिहिलं तर खाडा धरतात. बायका बोलतात ते बरं वाटतं एकेकदा. कुणीतरी बोलतंय."

पोरीनं टेकडीवरूनच बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. 

"ही बातमी आता तू लिहायची नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, ओळ मी चाललेय. पायांनी."

"हो. आणि ती तुझ्याच घरात जाऊन संपली. बापाचं नाव गाळलंस तर ते खोटं होईल. घातलंस तर सगळे म्हणतील, घरचं भांडण आहे. बातमी दुसऱ्यानं करावी, मी माणूस बघते. तू साक्षीदार आहेस."

"माणूस येईपर्यंत त्यांनी खड्डा बुजवला तर?"

"तर तू नागरिक म्हणून विचार. अंदाजपत्रकाची सभा जनतेसाठी खुली असते. पण एक लक्षात ठेव, पोरी. त्या कागदाच्या तळाशी एकच माणूस आहे. वरचे सगळे त्याच्यावर उभे आहेत. तू ओढलंस की पहिला तोच चिरडणार."

घरी आईला हे सांगावं लागलं. आईनं शिवणयंत्राचा पाय थांबवला, सुई कापडात तशीच.

"तुझी फी कोण भरतं?" तिनं विचारलं. "खोलीचं भाडं कोण देतं? ती चावी देते. त्या चावीच्या जिवावर शिकलीस आणि शिकून काय केलंस, तर तीच चावी बापाच्या टाळक्यात घालायला आलीस."

"आई, आत्या रोज चारदा चढते..."

"मला सांगतेस? मी तिच्या कमरेला तेल लावते. तू नाही लावत." मग नवऱ्याकडे वळून, "अहो, तुम्ही गप्प का? बोला की!"

चावीवाला खाटेवर बसून नखातली माती काढत होता. "पोरीला विचारू दे," तो म्हणाला. "माझं नाव घेऊन विचारू दे. आधी माझंच."

 यंत्र पुन्हा चालू झालं आणि संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. शिवायला तेवढं कापड घरात नव्हतं.

सभेत पंख्याखाली सदस्य, पंख्याबाहेर लोक. लोकांत वरच्या वस्तीतून आलेली एकटी आत्या, भाऊ बोलणार असं ऐकून भिंत धरत धरत उतरलेली. तीन तास रस्ते, दिवे, सत्कार. मग अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "जनतेतून कुणी?" पोरगी उठली. वही दोन्ही हातांनी धरली. तिनं तारखा वाचल्या. अकरा दिवस. नव्वद सेंटिमीटर. चाळीस पावलं. मग म्हणाली, "चाचणीच्या दाखल्यावर माझ्या वडिलांची सही आहे. हे मी आधीच सांगते. माझा प्रश्न असा, की बत्तीसशे मीटर पाइप कुठे आहे?"

कुजबुज झाली. अभियंत्यानं अध्यक्षांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. अध्यक्ष हसले, मायेनं हसले.

"बाळ, चाचणी कुणी केली? पाणी आलं असं कुणी लिहून दिलं? आमच्याआधी हा प्रश्न घरी जेवताना विचारायचा होतास."

पंख्याखालचे सगळे हसले. मग चावीवाला उठला. खांद्यावर चावी होती, सभागृहात आणू नये म्हणून शिपायानं अडवलं होतं तरी आणली होती. तो टेबलापर्यंत गेला. अभियंत्यासमोर उभा राहिला.

"सही खोटी आहे," तो म्हणाला. "मी केली. लाइन मुकी आहे हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, साहेब. तुम्ही म्हणालात, कान धुऊन ये. आता तुम्ही चला माझ्याबरोबर. ही चावी घ्या आणि स्वतः कान लावून बघा."

"लिहून घ्या," अध्यक्ष शिपायाला नाही, लेखापालाला म्हणाले. "कबुली दिलीय, लिहून घ्या."

सभेतून बाहेर पडल्यावर दारात आत्या उभी होती. भावानं मान वर केली नाही.

"वर्षभर मी रांगेत सांगत होते," आत्या म्हणाली, "की माझा भाऊ तसला नाही. दर नवव्या दिवशी. आणि तू मला ते सांगू देत होतास."

"ताई..."

"मी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे."

ती टेकडीच्या वाटेला लागली. पोरगी मागं गेली, हात धरायला. आत्यानं हात सोडवून घेतला. रागानं नाही. चढताना हात मोकळे लागतात म्हणून.

चौथ्या दिवशी नोटीस आली. खोटा अहवाल देऊन पालिकेची दिशाभूल केल्याबद्दल कामावरून कमी. झालेल्या नुकसानीची वसुली का करू नये, याचा सात दिवसांत खुलासा करावा. अख्ख्या बत्तीसशे मीटरची वसुली, रोजंदारीवरच्या माणसाकडून. दुपारी अध्यक्षांचा भाचा चावी न्यायला आला. चावीवाल्यानं ती पुसून दिली. भाच्यानं उचलली, दोन पावलं गेला आणि खाली टेकवली, मग फरफटत नेली. रस्त्यावर शेवटपर्यंत तिची रेघ उमटत गेली. आई दारात उभी राहून ती रेघ बघत होती. म्हणाली, "फी मी भरीन. तू अर्धवट सोडू नकोस." एवढं बोलून आत गेली.

बाईंनी पाठवलेला बातमीदार आला तोवर वरचा खड्डा बुजला होता, आणि त्यावर मुरूम टाकून रोलर फिरला होता. पोरीनं सभेचं इतिवृत्त मागितलं. त्यात रस्ते होते, दिवे होते, सत्कार होते. शेवटी एक ओळ होती: 'झडप कर्मचाऱ्याने गैरकृत्याची कबुली दिली.' तिचा प्रश्न नव्हता. प्रश्नाशिवायच कबुली आली होती.

तिनं तोच प्रश्न अर्जावर लिहिला. एक ओळ. खिडकीवर पोच घेतली, शिक्का घेतला, तारीख घेतली. लेखापाल म्हणाला, "तीस दिवस लागतात उत्तराला." तिनं तीस दिवस मोजले. त्या तीस दिवसांत भाच्यानं बाजाराचा व्हॉल्व्ह अठराऐवजी तीस आटे फिरवून मोडला. आत्याची कंबर पुरती बसली, आता आई दिवसाआड तिचे दोन कॅन वर नेते. चावीवाला बांधकामावर विटा उचलायला जातो. एक खांदा खाली असल्यानं पाटी घसरते, मुकादम बोलतो.

तिसाव्या दिवशी उत्तर आलं नाही. नवीन अंदाजपत्रक आलं. पोरीनं ते खिडकीपाशी उभ्या उभ्या वाचलं. आधी तारखा, मग मापं. एका ओळीवर बोट थांबलं. ती ओळ तिनं दोनदा वाचली, मग मागं उभ्या असलेल्या बापाला वाचून दाखवली.

'वरची वस्ती, जुन्या जलवाहिनीची दुरुस्ती. लांबी बत्तीसशे मीटर.'

बाप तिथूनच वळला. घरी गेला, तिथून टेकडीवर गेला आणि परत आला. खांद्यावर कुदळ होती, त्याच खांद्यावर. त्याच्यामागं आई होती, आणि आईच्या मागं, हातात रिकाम्या बादल्या घेऊन, नळावर त्याला शिव्या घालणाऱ्या त्याच बायका. लेखापालानं चष्मा कपाळावर चढवला.

"आता काय?"

"दुरुस्ती निघालीय म्हणे," चावीवाला म्हणाला. "खणायला माणसं लागतील. मी आलोय. रोजाचे पैसे नकोत मला."

"तुला कुणी बोलावलंय?"

"कुणी नाही. फक्त जागा दाखवा." त्यानं कुदळ खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "एकोणीस वर्षं या गावचे पाइप मी कानानं ओळखतो. हा एकच मला सापडला नाही. तुम्ही पुरलाय, तुम्हाला ठाऊक असेल."

लेखापालानं खिडकी लावून घेतली. ती अजून उघडलेली नाही. बाहेर ती माणसं अजून उभी आहेत. कुदळ कट्ट्यावर आहे, पोरगी वही उघडून बसली आहे. पानावर तारीख घातली आहे, खाली जागा सोडली आहे.

तेव्हा आता तुम्ही बोला, साहेब. शेरा नको, दाखला नको. टेबलावरून उठा, टेकडीवर या आणि बोटानं दाखवा. कुठं खणायचं?